न दिलेलं मत कुणाचं?

निवडणूक जवळ आली की भिंती रंगतात. मतदान हा पवित्र हक्क आहे, तो बजावा. पवित्र हा शब्द वाचला की मला धसकाच बसतो. गावात जे जे पवित्र होतं, त्याला आमच्या आज्यापणज्यांना हात लावू दिला नव्हता. पाणवठा पवित्र, देऊळ पवित्र, पोथी पवित्र. आता आम्हाला हात लावता येईल अशी एक पवित्र वस्तू एकदाची सापडली, तर तिला हात लावला नाही म्हणून आम्ही पापी! आहे की नाही मजा?

मला मत पवित्र वाटत नाही. मत हे हत्यार आहे, पान्ह्यासारखं, कोयत्यासारखं. हत्याराची पूजा खंडेनवमीला करणारे करू देत. आपण बघायचं ते एवढंच की त्याला धार आहे का, ते कुणाच्या हातात आहे, आणि आपण खाली ठेवलं तर कोण उचलतो. हा लेख त्या शेवटच्या प्रश्नापुरता आहे. आपण मत दिलं नाही तर ते मत जातं कुठं? ते नुसतं विझतं, की दुसऱ्याच्या कामाला येतं? आणि मत न देणं हा कधी निषेध होऊ शकतो का?

गिरणीत चहाच्या सुट्टीत यावरनं कायम खडाजंगी. आमच्या खात्यात एक तात्या आहेत. ते म्हणतात, ‘पोरा, बाबासाहेबांनी दिलंय ते. पाय मोडला तरी खुरडत जायचं आन् शिक्का मारायचा.’ शिक्का जाऊन बटण आलं तरी तात्यांच्या तोंडी शिक्काच. माझ्या वयाचा जोडीदार म्हणतो, ‘तात्या, तुम्ही जन्मभर मारला ना शिक्का? काय झालं? वस्तीत गटार तरी आलं का? आपण न्हाई जाणार. न जाणं हाच आपला निषेध.’ तात्या गप्प बसतात. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. म्हणून लायब्ररीत बसून आकडे काढले.

आधी हिशेब.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. यादीत सुमारे १७ कोटी ३० लाख माणसं होती. शंभरातली पंचेचाळीसच्या आसपास केंद्रावर गेली. पडलेल्या मतांतली पंचेचाळीस टक्के काँग्रेसला मिळाली. म्हणजे यादीतल्या शंभर माणसांमागं वीस. त्या विसांच्या बळावर ४८९ पैकी ३६४ जागा. मग २०१४ साल घ्या. शंभरातली सहासष्ट माणसं मतदानाला गेली आणि भाजपला पडली एकतीस टक्के. गुणाकार करून बघा. पुन्हा वीस-एकवीसच. जागा ५४३ पैकी २८२. राज्य बदललं, झेंडा बदलला, पण शंभरातल्या विसांनी देश चालवायला देण्याची रीत तीच राहिली.

यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. नियमच असा आहे की ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून आला. निम्म्याच्या वर मतं पाहिजेत अशी अट नाही. पण उरलेल्या ऐंशींकडं बघा. त्यातल्या काहींनी दुसऱ्या पक्षाला मत दिलं. ते हरले, पण कागदावर त्यांचा आकडा राहिला. पुढच्या वेळी त्यांना कुणी तरी विचारायला येतो. बाकीचे गेलेच नाहीत. त्यांचा ना रंग, ना पक्ष, ना मागणी. ते नुसता एक टक्का होऊन पडून राहतात.

आता कुणी म्हणेल, थोडे कमी गेले तर काय बिघडतं? बिघडतंच असं नाही. समजा हजार मतांचं एक गाव आहे. वाड्याच्या माणसाकडं साडेचारशे मतं. वस्तीच्या माणसाकडं वस्तीतली चारशे आणि गावातल्या कष्टकऱ्यांची दीडशे, मिळून साडेपाचशे. दोन्हीकडची बरोबर निम्मी माणसं घरी बसली, तर दोनशे पंचवीस विरुद्ध दोनशे पंच्याहत्तर. वस्तीचाच माणूस निवडून येतो. पण वस्तीतली दीडशे माणसं ऊसतोडीला गेलेली असली आणि बाकी सगळे हजर असले, तर साडेचारशे विरुद्ध चारशे. वाडा जिंकला. दुसऱ्या वेळी तर मतदान पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त झालं! वर्तमानपत्रात उलट कौतुक छापून येईल, गावात पंच्याऐंशी टक्के मतदान, लोकशाही मजबूत. तेव्हा टक्का किती यापेक्षा गैरहजर कोण हे आधी विचारलं पाहिजे. निकाल तिथं फिरतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. अठ्ठेचाळीस! चाळीच्या एका मजल्यावर एवढी मतं असतात. त्याच मतदारसंघात ‘वरीलपैकी कोणी नाही’ हे बटण दाबणारे पंधरा हजारांच्या वर होते. त्याच्याही पुढचं कर्नाटकातलं. संतेमारहळ्ळी हा तिथला राखीव मतदारसंघ. २००४ च्या विधानसभेला ए. आर. कृष्णमूर्ती यांना ४०,७५१ मतं पडली आणि आर. ध्रुवनारायण यांना ४०,७५२. एका मतानं निकाल. हरलेल्या उमेदवाराच्या ड्रायव्हरला त्या दिवशी ड्युटीमुळं मत द्यायला जाता आलं नाही, असं छापून आलं. ही गोष्ट लोक विनोद म्हणून सांगतात. मला हसू येत नाही. मतं मागत फिरणाऱ्याला आपल्या गाडीचं चाक धरणाऱ्या माणसालाही एक मत आहे हे आठवत नाही, यात सगळा देश आला.

आता गैरहजर कोण ते बघू. पांढरपेशा माणूस लेख लिहितो की लोक आळशी आहेत, सुट्टी घेऊन फिरायला जातात. बरोबर आहे, पण ते त्यानं आपल्या शेजाऱ्याबद्दल लिहावं. २०२४ च्या विधानसभेला मुंबईत कुलाब्याला पन्नास टक्केसुद्धा मतदान झालं नाही. आणि गडचिरोली जिल्ह्यात, जिथं केंद्रावर पोचायला रान तुडवावं लागतं, तिथं सत्तर टक्क्यांच्या वर झालं. कुलाब्याच्या उंच इमारतीतल्या माणसाला मताची गरज कशाला? त्याच्याकडं फोन आहे, वकील आहे, मंत्र्याबरोबर जेवायला बसणारा मेव्हणा आहे. त्यानं मत दिलं नाही तरी त्याचं म्हणणं सरकारात पोचतं. गडचिरोलीच्या माणसाजवळ त्या एका दिवसाशिवाय दुसरं काय आहे? म्हणून त्याची गैरहजेरी आणि कुलाब्याची गैरहजेरी एका तराजूत घालता येत नाहीत. एकानं आपल्या दहा हत्यारांतलं एक खाली ठेवलं. दुसऱ्यानं असलेलं एकुलतं एक.

आणि आपल्या माणसांनी ते ठेवलंय, की ठेवायला लावलंय?

पहिली गैरहजेरी यादीतच होते. त्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली. का? त्या स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगत. नाव नाही तर मत नाही. आता हे कुणाचं पाप? ज्या घरानं तिला नाव उच्चारायची सवयच लावली नाही, त्याचं की तिचं? आजही भाड्याची खोली बदलली, झोपडी तुटली, की माणसाचं नाव जुन्या पत्त्यावर राहतं आणि माणूस नव्या पत्त्यावर. मतदानाच्या दिवशी तो या यादीत नसतो, त्या यादीतून कटलेला असतो. संध्याकाळी टीव्हीवर त्यालाच उदासीन मतदार म्हणतात.

दुसरी गैरहजेरी रोजगाराची. १९९६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ ब घातलं. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा रोज द्यायचा, हेही त्याच कलमात आहे. मालकानं मोडलं तर दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये. चालत्या मशिनीच्या हिशेबात पाचशे रुपये म्हणजे चहापाणी. मी आधी ज्या गिरणीत बदली होतो, तिचं नाव इथं नको. तिथं सुट्टीचा कागद फलकावर लागायचा. कायम कामगारांना सुट्टी मिळायची. बदलीवाल्याला जॉबर सांगायचा, ‘तुला उद्या बोलवलंच नव्हतं, मग सुट्टी कसली आन् पगार कसला?’ त्या दिवशी बदलीवाले दुसरीकडं हमालीला जायचे. पोट आणि मत यांच्यात पोट एकाच दिवसासाठी जिंकतं, मत पाच वर्षांसाठी हरतं. हे त्या हमालाला कळत नाही असं नाही. पण पोट उद्यावर ढकलता येत नाही.

तिसरी गैरहजेरी ऊसतोडीची. बीडकडनं दिवाळीच्या मागंपुढं टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, बायको-पोरं गाडीत. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. ज्याची खोप त्या वेळी दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात पडलेली, त्यानं मतासाठी परत कसं यायचं? सीमेवरच्या सैनिकाला टपालानं मत देता येतं. यायलाच पाहिजे. निवडणुकीच्या कामावर असलेल्या नोकरदारालाही सोय आहे. २०२४ च्या लोकसभेपासून पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांसाठी घरी येऊन मत घेण्याची सोय झाली. चांगलंच झालं. गावापासून लांब राहणाऱ्या मजुराला तिथूनच मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये एका यंत्राची घोषणा केली, जानेवारी २०२३ मध्ये ते पक्षांना दाखवायला बोलावलं. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत ते यंत्र कुठं दिसलं नाही. ज्यांच्या कोयत्यावर साखर कारखाने चालतात आणि कारखान्यांवर आमदार उभे राहतात, त्यांना मत देता येत नाही. दोष मात्र त्यांच्या अडाणीपणाचा.

तर पहिलं उत्तर असं. गैरहजर माणसाला पापी ठरवण्याआधी त्याला नाव दिलंय का, दिवस दिलाय का, वाट दिलीय का, ते तपासा. हे तिन्ही नसेल तर तो मतदान टाळत नाही, त्याला मतदानातून टाळलंय. नीतीचा प्रश्न त्याला विचारायचा नाही.

पण माझा जोडीदार यातला नाही. त्याचं नाव यादीत आहे, केंद्र पाच मिनिटांवर आहे, सुट्टी आहे. तो जात नाही, कारण त्याला जायचं नाही. त्याला काय सांगायचं?

त्याला मी १९५२ सालचं सांगतो. मुंबई शहर उत्तर हा तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर एकच धरायचं, दुसरं बाद. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते. ज्या माणसानं घटना लिहिली, तो तिच्याखालच्या पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरला. आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मतं होती ७४,३३३. बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी मिळून तक्रार दाखल केली. डांग्यांच्या गटानं लोकांना दुसरं मत वाया घालवायला सांगितलं असा आरोप होता. तक्रारीतून काही हाती लागलं नाही. मराठीत या प्रकाराला एक नेमका शब्द पडला, मत कुजवणं. कुजवलेलं मत दिसायला कुणालाच दिलेलं नसतं. पण निकाल लागतो तेव्हा कुणाचं तरी शेत त्याच खतावर पिकलेलं असतं.

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. तिथंही दोन मतं. कार्यकर्त्यांनी सुचवलं की आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे बाबासाहेबांची जागा पक्की. बाबासाहेबांनी नकार दिला असं सांगतात. ज्यानं घटना केली त्यानंच लोकांना मत नासवायला शिकवायचं का, असा त्याचा अर्थ. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब पुन्हा हरले. हे वाचून तरुण पोरं चिडतात. म्हणतात, समोरचा कुजवतो तर आपण का नाही? मला वाटतं बाबासाहेबांना हारजितीच्या पुढचं दिसत होतं. १९२८ साली सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली, तेव्हा अडाण्याला मत कशाला हा सवाल त्यांनी झिडकारला होता. मत देता देताच माणूस शहाणा होतो. त्याच माणसाला एकदा शिकवलं की मत फेकून द्यायची चीज आहे, तर पुढल्या वेळी तो ते तुमच्यासाठीसुद्धा फेकेल.

मग जोडीदार विचारतो, ‘आणि पँथरनं केलं ते?’ बरोबर पकडतो. त्याचं उत्तर द्यायलाच पाहिजे.

पँथरची कूळकथा आधी बघा. अमेरिकेत अलाबामा राज्यात लाउंड्स काउंटी नावाचा भाग आहे. तिथं शंभरातली ऐंशी माणसं काळी, आणि १९६५ सालच्या सुरुवातीला मतदार यादीत एकही काळा माणूस नव्हता. यादीत नाव घालायला जाणाऱ्याची नोकरी जायची, घर जायचं, जीव जायचा. १९६५ चा मतदान हक्काचा कायदा झाल्यावर तिथल्या लोकांनी आपला पक्ष काढला. मतपत्रिकेवर चिन्ह लागतं, म्हणून त्यांनी काळा चित्ता घेतला. तिथून ते चिन्ह ओकलंडच्या ब्लॅक पँथरनी उचललं, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. म्हणजे हा चित्ता जन्माला आला तो मतपत्रिकेवर. आणि त्याच नावाच्या संघटनेनं जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला.

ते चुकलं का? आधी बहिष्कार हा शब्द बघा. हा शब्द आमच्या अंगावर वागवलेला आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नावच ‘बहिष्कृत भारत’. १९७२ साली पुणे जिल्ह्यात बावड्याला गावानं दलितांवर बहिष्कार टाकला. दुकान बंद, काम बंद, वाट बंद. आजही मत कुणाला दिलं यावरून माणसाला वाळीत टाकू नये म्हणून महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या बहिष्कार पडला, त्यांनी एकदा तोच शब्द उलटा फिरवला. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत ५ जानेवारी १९७४ ला जाहीर सभा झाली. आमच्यावर अत्याचार होतात, त्याचा जाब कुणी देत नाही, मग आमचं मतही नाही, असं हजारो माणसांसमोर सांगितलं. दगड आले, दंगल पेटली, पोलिसांच्या गोळ्या आल्या. रमेश देवरुखकर गेले. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेले. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, शिवसेनेचा पाठिंबा असूनही. निवडून आल्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे. त्या डांग्यांच्या कन्या. बावीस वर्षांचा फेरा कसा फिरला बघा.

यातून मला तीन गोष्टी दिसतात.

एक. बहिष्कार आणि घरी बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी झोपलेल्या माणसावर कुणी दगड टाकत नाही. त्याच्यापासून कुणाला भीतीच नसते. उलट त्यानं झोपावं म्हणून आदल्या रात्री काही ठिकाणी नोटा वाटतात, बोटाला आधीच शाई लावायला बघतात. ज्याच्या न येण्याचे पैसे समोरचा मोजतो, त्यानं आपल्या न येण्याला निषेध म्हणू नये. पँथरचा बहिष्कार उघड्यावर होता, मिळून होता, त्याला मागणी होती आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. या चार गोष्टी असतील तरच न दिलेलं मत बोलतं. नाहीतर ते मुकं, आणि मुक्याच्या वतीनं नेहमी दुसराच बोलतो.

दोन. बहिष्कारानं माणूस पाडता येतो, आणता येत नाही. आदिक पडले. पण जे निवडून आलं ते वस्तीनं निवडलेलं नव्हतं. हत्यार खाली ठेवून फार तर समोरच्याला चकवता येतं. घर बांधायला ते पुन्हा हातात घ्यावंच लागतं.

तीन. हे राखीव जागेवर तर जास्तच लागू आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त आले. म्हणजे उमेदवार आमचा, पण मतदार सगळे. राखीव मतदारसंघातही आपण बहुतेक ठिकाणी अल्पसंख्यच. अशा जागी आपण घरी बसलो तर जागा रिकामी राहत नाही. तिथं आपल्याच जातीचा माणूस जातो, पण तो दुसऱ्यांनी निवडलेला. मग तो बोलतो त्यांचं आणि नाव लागतं आपलं. आपली गैरहजेरी आपल्यालाच दोनदा मारते.

कुणी म्हणेल, मग यंत्रावर ‘कोणी नाही’ आहे ना. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानं ते बटण आलं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये ते दुसऱ्या नंबरावर आलं, सत्तावीस हजारांच्या वर मतं घेऊन. २०२४ च्या लोकसभेला इंदूरला काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागं घेतला, तेव्हा ते बटण २ लाख १८ हजारांच्या वर माणसांनी दाबलं. निकालात फरक? काही नाही. लोकसभा-विधानसभेला हे बटण पहिलं आलं तरी दुसरा आलेला उमेदवार निवडून येतो. निदान त्यात माणूस मोजला जातो, हे मी कबूल करतो. रांगेत उभा राहून नाही म्हणणारा हा खाटेवर पडून नाही म्हणणाऱ्यापेक्षा बरा. पण दात नसलेल्या तोंडानं चावण्यातला हा प्रकार आहे.

दुसरे म्हणतात, सक्ती करा. ऑस्ट्रेलियात १९२४ साली सक्ती केली. आधी साठ टक्क्यांच्या आत असलेलं मतदान पुढच्याच निवडणुकीत नव्वदच्या वर गेलं. छान. पण त्या वेळी तिथल्या बहुतेक मूळ रहिवाशांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्कच नव्हता. तो मिळाला १९६२ साली, आणि सक्तीत ते आले १९८४ साली.  आपल्याकडं गुजरातनं स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला, २०१५ साली तिथल्या उच्च न्यायालयानं तो रोखला. सक्तीला माझा विरोध तत्त्वापेक्षा अनुभवातून आहे. सक्ती आली की दंड येतो, आणि दंडाची पावती कुलाब्याला फाडली जाणार नाही. ती ऊसतोड्याच्या नावावर फाडली जाईल. मालकाला सुट्टी न दिल्याचे पाचशे, आणि मजुराला मत न दिल्याचा दंड! ज्याला दिवस दिला नाही त्याच्यावर सक्ती करायचा सरकारला हक्क नाही. आधी सरकारवर सक्ती करा. यादी दुरुस्त करायची सक्ती, फडाजवळ केंद्र ठेवायची सक्ती, बदलीवाल्याचा रोज द्यायची सक्ती.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की राजकारणात एक माणूस एक मत आणेल, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहील, आणि हा विसंवाद फार दिवस ठेवला तर लोकशाहीची इमारतच कोसळेल. आपण त्या विसंवादातच जगतोय. मतदानाच्या रांगेत जॉबरच्या पुढं डॉफर उभा असला तर जॉबरला त्याच्या मागं थांबावं लागतं. तेवढा अर्धा तास. तात्या खुरडत जातात ते मला वाटतं गटारासाठी नाही, या अर्ध्या तासासाठी जातात. त्यांच्या बापाला सरपंचाच्या दारात चप्पल काढून हातात धरावी लागायची. माझ्या जोडीदाराला तो अर्धा तास पुरत नाही, त्याला चार वर्षं आणि अकरा महिने पाहिजेत. त्याचा राग खरा आहे. पण तो राग एकट्यानं खाटेवर पडून काढला तर त्याचं खत होतं, आणि पीक दुसऱ्याचं येतं.

म्हणून माझं म्हणणं असं. मत हे माझं एकट्याचं नाही. ते वस्तीचं सामाईक हत्यार आहे आणि माझ्याकडं सांभाळायला दिलंय. मला एकट्याला राग आला म्हणून ते विहिरीत टाकायचा मला अधिकार नाही. टाकायचंच असेल तर वस्तीत सभा घ्या, मागणी लिहा, ती उमेदवाराच्या दारावर चिकटवा, तारीख द्या, आणि मग सगळे मिळून थांबा. तेही मला मान्य आहे. मी पुढं उभा राहीन. पण सभा नाही, मागणी नाही, नुसतं ‘आपण न्हाई जाणार’ म्हणून टीव्ही लावून बसणं, याला निषेध म्हणू नका. तो आपला राग समोरच्याच्या खात्यावर जमा करणं झालं.

आणि हे बोलणं निवडणुकीच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. यादी वर्षभर आधी बघावी लागते. कुणाचं नाव कटलं, कोण अठराचा झाला, कोणती सून नवी आली आणि तिचं नाव माहेरीच राहिलं, हे घरोघर जाऊन लिहावं लागतं. कोणत्या टोळ्या कधी निघणार ते मुकादमाला विचारावं लागतं. सुट्टीचा अर्ज लेखी द्यावा लागतो आणि त्याची पोच घ्यावी लागते. हे काम कवितेइतकं मजेचं नाही. याला टाळ्या पडत नाहीत. पण हजाराच्या गावात दीडशेंनी निकाल फिरतो, हे वर मांडलंय.

आम्ही तिघाचौघांनी वस्तीची वही सुरू केली आहे. जोडीदार अजून मत देणार नाही म्हणतो, पण नावं लिहायला येतो. ज्याला हा लेख पटत नाही त्यानं पुढच्या अंकात उत्तर लिहावं, आणि ज्याला पटतो त्यानं आपल्या वस्तीची वही घालावी.